एकशे एकोणनव्वद नंबरचा ओटा

सुवर्णा काकडला तुम्ही पाहिलं असतं ना, तर ही पोरगी कोणावर सूड उगवेल असं कोणाच्या बापाला वाटलं नसतं. आवाज इतका बारीक की शेअर रिक्षात "थांबवा" म्हणायची आणि रिक्षा थांबायची पुढच्या चौकात. मग ती मुकाट मागे चालत यायची. त्याच पोरीनं आपल्या मालकाला, प्रफुल्ल सरांना, भर बाजारात, दोनशे माणसांसमोर, माईकवर असं गाठलं की माणूस अजून पंचवटीत फुलं घ्यायला येत नाही. पूजा असली तर बायकोला पाठवतो.

तर झालं असं. सुवर्णा मखमलाबादची. घरची दीड एकर, त्यात झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. आणि तिची आई साळूबाई बावीस वर्षं पंचवटीतल्या फुलबाजारात बसते. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरायचं, पाटी मांडायची, पाणी शिंपडायचं आणि बसायचं. बावीस वर्षांत या बाईचं कोणाशी वाकडं नाही. शेजारणीची पाटी हिच्या गोणपाटावर सरकली तर ही स्वतःचं गोणपाट दुमडून घेणार, अशी.

मग बाजारासाठी नवी शेड झाली. वर पत्रे, खाली सिमेंटचे ओटे, प्रत्येक ओट्याला नंबर, एकूण एकशे नव्वद. आणि रजिस्टरात विक्रेते एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे सगळ्यांना पुरून दोन उरतात, भांडायचं कारणच नाही. तरी बाजाराच्या संघाचे अध्यक्ष गोरक्षभाऊ हुशार माणूस, त्यांनी काय सांगितलं, "मला सगळी एकशे अठ्ठ्याऐंशी नावं पाहिजेत, आणि प्रत्येकाच्या पुढं यंदाच्या तक्रारी असतील तर त्या लिहा. म्हणजे भांडखोरांना एकमेकांच्या शेजारी बसवायचं नाही. तेवढीच शांतता."

हे काम गेलं प्रफुल्ल सरांच्या कंपनीकडं. कंपनी म्हणजे कॉलेज रोडला सँडविचच्या दुकानावर एक खोली, पाच कॉम्प्युटर, आणि मालक ते स्वतः. सुवर्णा तिथं दीड वर्षापासून कामाला होती.

आता इथं जरा लक्ष द्या, कारण सगळी गंमत इथं आहे. कॉम्प्युटरात दोन याद्या. एक विक्रेत्यांची, एक तक्रारींची. त्या जोडायच्या कशा, तर विक्रेत्यांची पूर्ण घ्यायची आणि ज्याच्या नावावर तक्रार आहे त्याच्या पुढं ती चिकटवायची. नसेल तर पुढचा रकाना रिकामा, पण नाव राहणार. याला लेफ्ट जॉइन म्हणतात, म्हणजे डावीकडची यादी काही झालं तरी पूर्ण राहिली पाहिजे. प्रफुल्ल सरांनी ते बरोबर केलं. पण 'फक्त यंदाच्या तक्रारी' ही जी अट आहे, ती त्यांनी घातली सगळ्यात शेवटी, सगळं जोडून झाल्यावर, गाळणीसारखी. आता ज्या बाईवर तक्रारच नाही, तिच्या रकान्यात वर्षच नाही. यंदाचं नाही, गेल्या वर्षीचं नाही, काहीच नाही. मग गाळणीत ती अडकणार कशी? गेली खाली. जिनं वर्षभर कोणाशी तंटा केला नाही, ती यादीतून साफ.

सुवर्णानं हे शुक्रवारी दुपारीच पाहिलं. उठली, सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सर, ती अट जोडतानाच घालायला पाहिजे. शेवटी घातली तर ज्यांच्यावर तक्रार नाही ती नावं उडतील."

सर मोबाईलवर होते. मान वर केली नाही. "सात वर्षं हेच टेम्प्लेट वापरतोय मी. टेस्ट केलंय. पाच नावं टाकली, पाचही आली."

"सर, ती पाच नावं तुम्ही तक्रारींच्या वहीतूनच घेतली होती."

खोलीत बाकीचे तिघं होते, त्यातला एक फिसकन हसला. बास. सरांनी मोबाईल खाली ठेवला. "हे बघ सुवर्णा, तुझी आई फुलं ओवते ना? तू पण ओव. डेटा मला ओवू दे. आणि खाली आकडा बघ, एकशे त्र्याऐंशी ओळी आल्यात. अठ्ठ्याऐंशीतल्या पाच कमी. पाच-सात म्हातारी माणसं गेली असतील वर्षभरात."

आकडा खरंच एकशे त्र्याऐंशी होता. पण तो कसा आला माहितीये? ज्याच्यावर तीन तक्रारी, त्याचं नाव तीनदा. प्रत्येक तक्रारीला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला एक ओटा. सदुसष्ट गरीब माणसं खालून गळली आणि भांडखोरांनी दुहेरी-तिहेरी होऊन ती जागा भरून काढली. सरांनी फक्त बेरीज पाहिली, नावं पाहिलीच नाहीत. भागीबाई म्हणून एक आहे, कचरा दुसऱ्याच्या पुढं ढकलते, गाडी आडवी लावते, तिला तर तीन ओटे मिळाले. तेरा, चव्वेचाळीस आणि एकशे दोन.

आणि एक गोष्ट. सरांच्या कंपनीत रीत होती की प्रत्येक यादीच्या खाली ज्युनिअरचं नाव टाकायचं. कौतुक झालं की सर म्हणणार "मी करून घेतलं", आणि शिव्या पडल्या की खाली नाव आहेच. सोमवारी सकाळी शेडच्या भिंतीवर यादी लागली. खाली ठळक अक्षरात, 'यादी तयार करणार : सुवर्णा काकड'.

साळूबाईला वाचता येत नाही. ती यादीपुढं उभी राहिली आणि शेजारच्या नवसाबाईला म्हणाली, "माझा नंबर बघ गं." नवसाबाईनं बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचलं. साळूबाईचं नाव नाही. तिचं स्वतःचं पण नाही. मग बोट येऊन थांबलं शेवटच्या ओळीवर.

"साळू," नवसाबाई म्हणाली, "हे तर तुझ्या पोरीनं केलंय."

झालं. अर्ध्या तासात बाजारभर. "शाळा शिकली न आमची नावं खाल्ली." "आईचं पण गाळलं बघ, संशय नको म्हणून. आईला मागून देईल गुपचूप." ज्या बायकांनी सुवर्णाला लहानपणी पाटीशेजारी झोपवलं होतं, तिच्या दहावीला ज्यांनी हार घातला होता, त्याच बोलल्या. साळूबाईनं एकालाही उलटून उत्तर दिलं नाही. गोणपाट गुंडाळलं, न विकलेली शेवंती पाटीत तशीच घेतली आणि दहाच्या बसनं घरी.

संध्याकाळी सुवर्णा पोचली तर आई ओसरीत बसलेली. पाटीतली शेवंती काळी पडायला लागलेली.

"सुवर्णे, माझं काय चुकलं ते तरी सांग. मी कोनाशी भांडले?"

"नाही भांडलीस. म्हणूनच गेलीस."

मग तिनं आईला समजावलं. "हे बघ आई, पंगत बसलीये. सगळ्यांना पानं मांडली. पापड थोडेच आहेत, ज्याच्या वाट्याला आला त्याला आला. नाही आला त्याच्या पानात पापडाची जागा रिकामी, पण माणूस पंगतीत बसलेला आहे, हो ना? आता पापड ताजा आहे का शिळा, हे कधी बघायचं?"

"वाढताना. अजून कधी?"

"हां. आमचे सर वाढताना बघत नाहीत. पंगत बसल्यावर शेवटी फिरतात आणि ज्याच्या पानात ताजा पापड नाही त्याला दंडाला धरून उठवतात."

साळूबाईनं विचारलं, "पापड म्हंजे तक्रार?"

"हो."

"म्हंजे भागीला तीन पापड म्हनून तीन पानं?"

आईला दोन मिनिटांत कळलं, जे सरांना सात वर्षं कळलं नव्हतं. आणि त्या क्षणाला सुवर्णाचं डोकं फिरलं. राग आला असं नाही, राग सोमवारी सकाळपासून होताच. आता तो थंड झाला, बसला, आणि विचार करायला लागला.

मंगळवारी तिनं ऑफिसात दहा मिनिटांत बरोबर यादी काढली. अट उचलून जोडायच्या जागी नेली, एका माणसाची एकच ओळ केली, पुढं तक्रारींचा नुसता आकडा. एकशे अठ्ठ्याऐंशी नावं, एक कमी नाही, एक जास्त नाही. साळूबाई काकड, पुढं शून्य. पेन ड्राइव्हवर घेतली आणि पर्समध्ये टाकली. कोणाला दाखवली नाही.

कारण तेवढ्यात सरांनी तिला बोलावलं. आवाज एकदम लोण्यासारखा.

"सुवर्णा, शुक्रवारी बाजारात मीटिंग आहे. गोरक्षभाऊ तापलेत. तू फक्त माईकवर माफी माग. म्हण, माझ्याकडून चूक झाली, मी नवीन आहे. नवीन म्हटलं की लोक सोडून देतात. आणि तुझ्या आईचं नाव मी हातानं घालतो, सात ओटे रिकामेच आहेत. एक चांगला कोपऱ्यावरचा देऊ."

"आणि बाकीचे सहासष्ट, सर?"

"त्यांचं बघू नंतर. शनिवारी ओट्यांच्या चिठ्ठ्या वाटल्या की विषय संपला. तुला आई महत्त्वाची की बाकीचे?"

सुवर्णानं खाली बघितलं. "मागते माफी, सर."

आता तुम्ही म्हणाल, यादी तयार होती तर तिनं मंगळवारीच गोरक्षभाऊंना का नाही नेऊन दिली? दिली असती तर काय झालं असतं? सरांनी म्हटलं असतं, बघा, पोरीकडून चूक झाली होती, मी सुधारून घेतली. तेच. म्हणून ती थांबली. आणि हे थांबणं फुकट नव्हतं बरं का. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस आई बाजारात जायची, रस्त्यावर कोणी जागा द्यायचं नाही, कोणी बोलायचं नाही, दुपारी पाटी भरलेली परत. बुधवारी तर कोणीतरी तिच्या पाटीत तुटकी चप्पल टाकली. आईनं ती चप्पल बाजूला काढून ठेवली आणि घरी येऊन सांगितलंही नाही, नवसाबाईच्या सुनेनं फोनवर सांगितलं. सुवर्णानं पर्समधला पेन ड्राइव्ह मुठीत धरला, हाताला वळ उठेपर्यंत. आईला एक शब्द बोलली असती तर आईनं तिला त्याच पावली गोरक्षभाऊंकडं धाडलं असतं. म्हणून बोललीच नाही. आईचे तीन दिवस तिनं स्वतः जाळले, आणि ते कोणाच्या नावावर मांडायचे हे ठरवून ठेवलं.

शुक्रवार, सकाळी अकरा. नवी शेड गच्च भरलेली. पुढं टेबल, माईक, मोठा पडदा, कारण सरांना पडदा लागतोच. साळूबाई शेवटच्या खांबाला टेकून उभी, पदर तोंडावर. सर इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. आधी स्वतः दहा मिनिटं बोलले, आमची सिस्टिम, आमचा अनुभव, मानवी चूक. मग म्हणाले, "आमची ज्युनिअर आता आपली माफी मागेल."

सुवर्णानं माईक घेतला. "थू, घराला बट्टा लावला," मागून कोणीतरी म्हणालं. ती तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली,

"माफी मागायच्या आधी चूक काय झाली ते दाखवते. दोन मिनिटं. सर, तुमचं नाव घेऊ का उदाहरणाला?"

सर हसले. "घे की." दोनशे माणसांसमोर नाही कसं म्हणणार?

तिनं पडद्यावर विक्रेत्यांची यादी उघडली, तळाला नवीन नाव टाकलं. प्रफुल्ल. नंबर एकशे एकोणनव्वद. "हे बघा, सर आता फुलवाले झाले. सर, तुमच्यावर काही तक्रार?"

"छे. वीस वर्षांत नाही."

"आता तुमचं टेम्प्लेट चालवते. तुमचंच, मी हात लावलेला नाही." बटण दाबलं. यादी आली, एकशे त्र्याऐंशी ओळी. सावकाश खालपर्यंत नेली. प्रफुल्ल नाही. "सर, तुम्ही गेलात."

शेडमध्ये कुजबुज. सरांनी लॅपटॉपकडं हात केला. गोरक्षभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, "थांबा हो साहेब. बघू द्या."

"आता कोणाला सरांवर तक्रार करायचीये?" सुवर्णानं विचारलं.

पहिली उठली कोण, तर भागीबाई. ती कशी संधी सोडेल. "माझी लिही. याची गाडी बाहेर माझ्या टेम्पोला आडवी लावलीये." सुवर्णानं लिहिली, बटण दाबलं. पडद्यावर पहिल्यांदा प्रफुल्ल आलं, पुढं ओटा. दुसऱ्या एकाची तक्रार, घामाच्या वासाची. प्रफुल्ल दोनदा, दोन ओटे. तिसरी, प्रफुल्ल तीनदा.

आता लोकांच्या डोक्यात उजेड पडला. एकदम. लाट येते ना, तशी. "मंजे भांडला त्याला ओटा?" "आन गप बसला त्याचं नाव कापलं?" "भागे, म्हणून तुला तीन व्हय गं?" भागीबाई म्हणाली, "मी मागितले व्हते का? दिले, घेतले." रांगच लागली. सुवर्णा एकेकाची तक्रार शांतपणे लिहीत होती, नाव, कारण, तारीख. सरांनी दोनदा "अरे हे उदाहरण आहे" म्हणून पाहिलं, कोण ऐकतंय. तेविसाव्या तक्रारीला गोरक्षभाऊंनी हात वर केला.

"पोरी, ही चूक तुझी का यांची?"

"मी मागच्या शुक्रवारीच सांगितलं होतं भाऊ. सर म्हणाले, तू फुलं ओव."

आता तिथं फुलं ओवूनच पोरं मोठी केलेली दोनशे माणसं बसलेली.

"पण अजून माझं झालं नाही," सुवर्णा म्हणाली. पेन ड्राइव्ह लावला, बरोबर यादी उघडली आणि लॅपटॉप सरांच्या पुढं सरकवला. माईक पण. "सदुसष्ट नावं पिवळी केलीयेत. सरांनी गाळली, सरांनीच वाचावीत. जिचं नाव येईल तिनं उभं राहायचं."

सरांनी गोरक्षभाऊंकडं पाहिलं. भाऊ म्हणाले, "वाचा."

मग त्या माणसानं वाचलं. एकेक नाव, एकेक बाई उभी. सहाव्या नावाला आवाज बसला, सुवर्णा म्हणाली, "सर, मागं ऐकू येत नाही." दोन नावं घाईत एकत्र घेतली, ती म्हणाली, "पुन्हा." तिला घाई नव्हती. तीन दिवस थांबली होती, पंधरा मिनिटं काय. नवसाबाई उभी राहिली तेव्हा तिनं सुवर्णाकडं बघितलंच नाही, जमिनीकडं बघत होती. सुवर्णानं ते पण पाहून घेतलं. आणि सगळ्यात शेवटी, अक्षरांच्या क्रमानं आधी येत होतं पण तिनं मुद्दाम शेवटी ठेवलेलं, साळूबाई काकड, तक्रारी शून्य. साळूबाई उभीच होती. तिनं फक्त तोंडावरचा पदर काढला.

शनिवारी बरोबर चिठ्ठ्या वाटल्या. सुवर्णाची कंपनीतली नोकरी त्याच दुपारी व्हॉट्सअॅपवर गेली आणि संध्याकाळी गोरक्षभाऊंनी तिला बाजाराच्या ऑफिसात रजिस्टर सांभाळायला बसवलं. भागीबाईला एकच ओटा राहिला, तेरा नंबरचा, ती अजून त्यावर तक्रार करते.

भिंतीवर नवी यादी लागली. एकशे एकोणनव्वद नावं. हो, अठ्ठ्याऐंशीला एक जास्त. उदाहरणाचं नाव सुवर्णानं काढलंच नव्हतं. १८९, प्रफुल्ल, तक्रारी २३. आणि सगळ्यात खाली, 'मागील यादी तयार करणार : प्रफुल्ल'. सोमवारी त्यांचा फोन आला. "सुवर्णा, ते नाव डिलीट कर. क्लायंट लोक फोटो पाठवतायत मला."

"सर," ती म्हणाली, "पंगतीत बसलेल्याला उठवायचं नसतं."

एकशे एकोणनव्वद नंबरचा ओटा अगदी टोकाला आहे, नळापलीकडं. तिथं कोणी बसत नाही. पण पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यावर सडका झेंडू टाकला, मग दुसऱ्यानं, आणि आता बाजाराची पद्धतच पडलीये. बाजार उठला की देठं, कुजका पाला, तुटके हार, सगळं प्रफुल्लच्या ओट्यावर.

सगळे लांबूनच फेकतात. साळूबाई तेवढी पाटी घेऊन तिथपर्यंत चालत जाते, काठ धरून पाटी ओट्यावर पालथी घालते, तळाला चिकटलेलं देठन् देठ बोटानं खरवडून काढते, आणि पाटी झटकून परत येते.